पाण्यातल्या टेकाडावरची हाक

“डावीकडं! अगं डावीकडं वल्हव, रंजू! तू तर आपल्याला परत तुझ्या लोहाऱ्याला न्यायलीस!”

नंदीश ओरडला आणि गौरी एवढी हसली, एवढी हसली की होडीच डुगडुगली! पण रंजू, म्हणजे शिवरंजनी, काही हसली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती लोहाऱ्याहून थोरल्या बोरीला आत्याकडं आली होती. आईला दवाखान्यात ड्युटी, सुट्टीच नाही. आणि पप्पा पार अंदमानात! तिथं ते पर्यटकांच्या बोटीवर स्वयंपाक करायचे. बोट घनदाट जंगलाच्या कडेकडेनं जायची आणि तिथं फोनला रेंज नसायची. ‘दिवाळीला येतो’ म्हणाले होते. आले नाहीत.

म्हणूनच आत्याचा नंदीश आणि शेजारची गौरी तिला तलावात फिरवायला घेऊन आले होते. अंगात नारिंगी जॅकेटं, हातात वल्ही! होडीचे मालक धनाजीकाका जाळ्यावर आडवे होऊन घोरत होते.

“हे बघ तुझं अंदमान!” गौरी म्हणाली.

खरंच की! यंदा पाऊस लई झाला, तलाव तुडुंब भरला. पलीकडच्या काठाच्या बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. माणूस नाही, गुरं नाहीत, धूरसुद्धा नाही. पाण्याच्या मधोमध एक टेकाड तेवढं वर राहिलं होतं, एकटंच. रंजूला वाटलं, पप्पांना रोज असंच दिसत असेल. असंच गप्प.

“थांबा!” ती एकदम म्हणाली. “टेकाडावरची झाडं बघा! खालची पानं कुठं गेली?”

प्रत्येक बाभळीच्या खालच्या फांद्या उघड्याबोडक्या, आणि वरच्या हिरव्या! गवताचं तर पातंही नव्हतं.

“शेळ्यांनी खाल्ली असतील,” नंदीश म्हणाला.

“एवढ्या उंच? शेळ्यांना काय शिडी लावून दिलीस तू?” गौरीनं टोमणा मारला.

तेवढ्यात टेकाडावरनं आवाज आला. लांबलचक, बसक्या गळ्याचा, कुणीतरी कधीपासून हाका मारून मारून थकल्यासारखा. रंजूच्या अंगावर काटा आला.

धनाजीकाका ताडकन उठले. “वल्ही द्या इकडं! दसऱ्यापासनं ऐकू यायलाय त्यो आवाज. पाण्यात बुडालेल्या जुन्या गावाचा हाय म्हणत्यात. तिकडं कुणी जात न्हाय!”

आणि होडी भर्रकन माघारी!

“गावाला कधी भूक लागते का?” रंजू पुटपुटली. “झाडं खाल्लीत कुणीतरी. आणि दसऱ्यापासनंच का?”

“दसऱ्याला तर आमची पालखी जाते,” नंदीश म्हणाला. मग तोच थबकला. “रंजू... पालखीबरोबर घोडा असतो!”

थोरली बोरी आणि तलावापलीकडची धाकटी बोरी, दोन्ही गावांत मिळून खंडोबा एकच. देव अर्धं वर्ष इकडं, अर्धं वर्ष तिकडं. दसऱ्याला पालखी निघायची, जुन्या वाटेनं, त्या टेकाडावरनं, ढोलाच्या तालावर. आणि देवाचा पांढरा घोडा पालखीमागं चालत जायचा. त्याला कुणी बांधत नव्हतं.

तिघांनी देवळाकडं धूम ठोकली! देवस्थानचे पंच सिद्धेश्वरअण्णा कट्ट्यावर पान लावत बसले होते.

“अण्णा, देवाचा घोडा कुठाय?” रंजूनं विचारलं.

“धाकट्या बोरीत. देव तिथं घोडा.”

“जाताना तुम्ही बघितला?”

“बघायचं काय त्यात? यंदा जुन्या वाटेवर पाणी चढायला लागलं होतं. म्हणून पालखी जीपमधनं नेली, लांबच्या सडकेनं.”

“आणि घोडा? तोबी जीपमधनंच?”

अण्णांचं पान हातातच राहिलं.

नंदीशनं लगेच धाकट्या बोरीच्या पंचांना, तात्यारावांना, फोन लावला. स्पीकरवर!

“घोडा? त्यो तर तुमच्याकडं हाय!” तात्याराव म्हणाले. “जीपमधनं यायचा न्हाय, म्हणून तुमी ठेवून घेतला असंल.”

“आमी कशाला ठेवू?” अण्णा भडकले. “येऊन न्यायचा मान तुमचा!”

“पाठवायचा मान तुमचा!”

“मग उद्या दोन्ही गावची बैठक घ्या!”

“घ्या की! आमी काय भितो व्हय?”

भांडण रंगलं आणि घोडा राहिला बाजूलाच!

“पालखी गेल्याचं कळलं तसा तो आपला आपण निघाला असेल,” रंजू हळूच म्हणाली. “दरवर्षीच्या वाटेनं. मागनं पाणी चढलं आणि टेकाडावर अडकला. त्याची पानं संपली गं, गौरी! ह्यांची बैठक संपेपर्यंत...” येतो म्हणणारी माणसं आली नाहीत की कसं वाटतं, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

सकाळी गौरी धनाजीकाकांकडं गेली. अगदी साळसूद चेहरा करून!

“काका, तुम्ही टेकाडाकडं जात नाही. मग बैठकीत धाकट्या बोरीचा होडीवाला ठरवला तर?”

“त्याची काय बिशाद! माझ्या तळ्यात?” काकांनी वल्हीच उचलली. “बसा रे होडीत!”

टेकाडावर तो उभा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात असा. पांढऱ्या अंगावर चिखल वाळलेला, गळ्यात दसऱ्याच्या हाराचा नुसता दोरा. तोंड धाकट्या बोरीकडं! रंजूनं लांबूनच गूळ पुढं केला आणि तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळानं ओलं नाक तिच्या तळहाताला लागलं. तिनं काकांचा दोर हळूच त्याच्या गळ्यात बांधला.

पण पाण्याशी येताच घोड्यानं पाय रोवले. ओढलं, चुचकारलं, गूळ दाखवला. छे!

“ह्याला वाट ठाऊक हाय, पण पाणी ठाऊक न्हाय,” काका म्हणाले.

“वाट?” रंजू ओरडली. “अहो, वाटेवर ढोल असतो! गौरी, तू लेझीम पथकात ढोल वाजवतेस ना?”

गौरीनं होडीतला पाणी उपसायचा डबा उपडा केला. धडाड् धुम्! धडाड् धुम्!

घोड्यानं कान टवकारले.

“येळकोट येळकोट!” नंदीश ओरडला.

“जय मल्हार!” काकांचा आवाज तळ्यावर घुमला!

आणि घोडा पाण्यात उतरला! काका वल्हवायले, गौरी डबा बडवायली आणि दोर सैल धरून बसलेल्या रंजूमागं पांढरं डोकं पोहत यायलं!

थोरल्या बोरीच्या काठावरनं अण्णा हात हलवत ओरडले, “इकडं आणा! इकडं!”

“नाही,” रंजू म्हणाली. “तो जिथं निघाला होता, तिथं.”

धाकट्या बोरीच्या काठावर घोडा निथळत उभा राहिला, लटपटला आणि थेट देवळापुढं जाऊन थांबला. तात्यारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. जीप काढून अण्णाही आले.

“पोरांनो, दोन गावांच्या शहाण्यांना जमलं न्हाय ते तुमी केलं!” अण्णा म्हणाले. “आमी मान मोजत बसलो आणि देवाचं जनावर उपाशी ठेवलं. बोल रंजू, काय बक्षीस देऊ?”

“काही नको. निघताना एकदा मागं वळून बघत जा.”

अण्णांनी मान खाली घातली. “बघू, पोरी. दरवर्षी बघू.”

सगळे घोड्याला चारा घालायला पळाले. रंजू कट्ट्यावर बसली आणि तिनं घोड्याच्या खिंकाळण्याचा व्हिडिओ पप्पांना पाठवला. एकच टिक आली.

“गेला का गं?” गौरी तिला टेकून बसली.

“गेलाय,” रंजू तलावाकडं बघत म्हणाली. “पप्पा काठाला लागले की पोचेल.”