मनोहररावांची छाननी

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. हे माझ्या सख्ख्या मामासोबत घडलंय.

मे १९७८. नागपूर, रामदासपेठ. भर दुपार.

गिरिधरमामा एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होते. तेव्हा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर असायचा, एका कार्डावर एक ओळ. गठ्ठा मशीनला भरवला की कंपायलर, म्हणजे मशीनमधला ओळी तपासणारा प्रोग्राम, चुका छापून द्यायचा. पण त्याआधी गठ्ठा एका जुन्या प्रोग्राममधून काढावाच लागे. त्याला म्हणायचे मनोहररावांची छाननी.

ती लिहिणारे, विभागातले सगळ्यात जुने प्रोग्रामर मनोहरराव वारून वर्ष झालं होतं.

छाननी नेमकं काय करते, कोणालाच ठाऊक नव्हतं. मामांनी पंचिंगवाल्या प्रेमिलाबाईंना विचारलं, काहून करायची?

"मनोहरराव करत होते म्हणून," बाई म्हणाल्या.

साहेबांचंही तेच. उठता-बसता मनोहरराव! मामांचा नुसता जळफळाट व्हायचा. मेलेल्या माणसाचा हेवा करतो, याची लाज वाटायची. पण हेवा काही जाईना.

शेवटी त्यांनी साहेबांना सांगितलं, छाननीशिवाय प्रोग्राम चालवून दाखवतो. चालला तर ती कायमची बंद.

त्या दुपारी सगळे जेवायला गेलेले. मामांनी आपला गठ्ठा मशीनवर ठेवला. छाननीची कार्डं कपाटात कुलूपबंद करायला गेले.

आणि शेजारच्या खोलीतून...

खट्... खट्... खट्...

कार्ड पंच करायचं मशीन!

मामांनी जाऊन पाहिलं. खुर्ची रिकामी. मशीन बंद...

भास झाला असेल म्हणून ते परतले. साहेब आल्यावर गठ्ठा भरवला.

एकही चूक निघाली नाही.

साहेबांनी पाठ थोपटली. छाननी बंद झाली. मामा खूश होऊन गठ्ठा आवरू लागले, तर मधलं एक कार्ड जुनाट, पिवळं पडलेलं होतं. तसली कार्डं यायची केव्हाच बंद झाली होती.

ते धावत पंचिंगच्या खोलीत गेले. टोपलीत त्यांचं स्वतःचं कार्ड पडलं होतं. तीच ओळ...

फक्त त्यात चूक होती.

पुढे मामांनी मुद्दाम चुका करून पाहिल्या. प्रत्येक वेळी प्रोग्राम बरोबरच चालला. विभागात नाव झालं, मनोहररावांची खुर्चीही मिळाली. मामांना मात्र घास गोड लागेना.

मला हे सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"एवढे प्रोग्राम लिहिले मी. त्यातला एक तरी माझा होता का गा?"