तासाभराच्या आतली बाळं

दवाखान्यांचे आकडे गोळा करणाऱ्या आकडेबाई त्या दुपारी पाचव्या दवाखान्यात शिरल्या, त्या नेहमीच्याच कामाला. अपुऱ्या दिवसांची बाळं कुठे किती जगतात आणि कुठे काय काळजी घेतात, याची तुलना करायची. बाई एरवी कशानंच न डगमगणाऱ्या; पण आज जीव टांगणीला लागला होता. लेकीला सहाव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या होत्या आणि सकाळी तिला इथेच दाखल केलं होतं. दवाखाना बाईंनीच निवडला होता. त्यांच्या तक्त्यात तो पहिला होता.

मोठ्या सिस्टरनी वॉर्ड दाखवला. कोपरापर्यंत धुतलेले हात, आयांच्या उघड्या छातीशी बिलगलेले मूठभर जीव, उकळून ठेवलेले वाट्या-चमचे. नाव ठेवायला जागा नव्हती.

"हे तर सगळीकडेच करतात," बाई म्हणाल्या. "मग तुमचीच बाळं जास्त कशी जगतात हो?"

"तुमच्या नियमानं, ताई. तासाभरात गेलेलं मोजायचं नाही, तुम्हीच लिहिलंय ना? मग अगदीच किरकोळ वाटलं, की आम्ही त्याला हातच लावत नाही... मागच्या खोलीत ठेवतो. तासाभरात जातं ते."

तुलना न्याय्य व्हावी म्हणून केलेला नियम तो! त्या धावतच मागच्या खोलीत गेल्या.

तिथे बाळांना ऊब देणारी एकच काचेची पेटी होती. वायर काढलेली, रिकामी. पण काच आतून वाफेनं धुरकटली होती आणि नासक्या दुधाचा वास येत होता. बाईंनी गोल खिडकीतून हात आत घातला.

काहीतरी इवलंसं बोटाला बिलगलं. मग कट् आवाज झाला आणि बोट उलटं वळलं. बाई किंचाळल्या. दुसरं बोट मोडलं, तिसरं मोडलं. मनगटाची कातडी सोलून निघाली, काचेवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या.

"मोजा त्यांना..." दारातून सिस्टर पुटपुटल्या. "मोजलं की सोडतात."

"एक... दोन..." बाई हुंदके देत मोजत गेल्या. एकेक पकड सुटत गेली. अकरावी सुटली तेव्हा हात चिंधीसारखा लोंबत होता.

तो बाहेर काढणार, तोच करंगळीला आणखी एक पकड बसली. ही आवळत नव्हती. ऊबदार होती, अजून जिवंत असल्यासारखी.

भिंतीपलीकडून लेकीचा टाहो आला. "आई, रडलं गं ते! कुठे नेलं त्याला?"

सिस्टर घड्याळ बघत होत्या.

"त्याला मोजा! अहो, माझं नातवंड आहे ते, त्याला मोजा!" बाई ओरडल्या. करंगळीवरची पकड सैल होत चालली होती, आणि पेटीत कोणीच दिसत नव्हतं.