सवतीच्या वाट्याची शेवंती

ही गोष्ट खरी आहे.

कुणाला पटो न पटो. माझ्याकडे पुरावा आहे, आणि तो मी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. बघायची हौस असेल तर या. फक्त सोबत लहान मूल आणू नका.

गोष्ट माझ्या पणजीची, कौशल्याबाईची. मला सांगितली ती शिवकन्याआत्याने. ती माझ्या वडिलांची आत्या. हे सगळं जिवावर बेतलं ते तिच्याच, त्यामुळे तिने तिखटमीठ लावायचं काही कारण नव्हतं.

निजामाचा अंमल होता. मानमोडीची, म्हणजे त्या जीवघेण्या तापाची साथ येऊन गेल्याला चार-पाच वर्षं झाली होती. ठिकाण, सिरसाळ्याच्या शिवारातला त्रिंबकरावांचा मळा. आणि वेळ...

रात्र नाही. भर दुपार.

भुतं अंधारातच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडची दुपार बघितलेली नाही. चिटपाखरू हलत नाही. मोट थांबलेली असते, गडीमाणसं झाडाखाली आडवी झालेली असतात. माणूस किती एकटा आहे हे तेव्हाच कळतं.

कौशल्याबाई ही त्रिंबकरावांची दुसरी बायको. पहिली मनकर्णा. ती मानमोडीत गेली. तिच्या मागे दोन गोष्टी राहिल्या. एक रांगती पोर, शिवकन्या. आणि घरामागची फुलबाग. जास्वंद, गुलबक्षी, कण्हेर आणि पाण्याच्या पाटाच्या कडेने शेवंतीचे ताटवे. सगळं मनकर्णेच्या हातचं. फुलं म्हणजे तिचा जीव की प्राण होता म्हणे.

दुसरेपणावर आलेली, म्हणून कौशल्याबाईच्या गळ्यात सवतीचा टाक आला. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती. जुन्या लोकांना ही रीत ठाऊक असेल. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. गोडधोड झालं की आधी टाकाला. बागेतलं पहिलं फूल टाकाला, मग आपल्या अंबाड्यात. आणि मनात म्हणायचं, "आधी तुझं, मग माझं."

मेली तरी सवत ती सवत. तिचा मान चुकवून चालत नाही.

कौशल्याबाईने हे सगळं बिनबोभाट केलं. शिवकन्येलाही पोटच्या पोरीसारखं वाढवलं. पोर तिला "माय" म्हणायची, दुसरी माय तिला आठवतच नव्हती.

फक्त एक गोष्ट कौशल्याबाईची स्वतःची होती.

ती वाढली हैदराबादेत, मामाकडे. मामा नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचा. त्याच्या हाताखाली ती तेलरंग शिकली. लग्नात तिने रुखवतात काय आणलं, तर रंगांची पेटी! सासरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण त्रिंबकराव हौशी माणूस. "काडू द्या की," म्हणाले, "कुणाचं काय जातंय?"

मग रोज दुपारी, घरातलं उरकलं की ती बागेत कडुनिंबाखाली तिवई मांडायची. चौकटीवर ताणलेलं मादरपाटाचं कापड, रंगाच्या नळ्या, गावच्या घाण्याचं जवसाचं तेल. तेलात कालवलेला रंग फार सावकाश वाळतो. आठ-आठ दिवस ओलाच राहतो. तोवर खुडलेलं फूल सुकून जाणार, म्हणून ती खुडत नसे. झाडावरचं फूल बघून काढायची. आज पाकळ्या, उद्या सावली, परवा देठ. एक दिवस खाडा नाही. त्या वेळात आपण कुणाच्या तरी जागी आलोय, हे ती विसरून जायची.

पण टाक आड यायचा. वाकलं की लोंबायचा आणि ओल्या रंगाला लागायचा. म्हणून ती तो काढायची आणि निंबाच्या फांदीला अडकवून ठेवायची.

बायनाबाई घरातलं कामही बघायची आणि पोरीलाही सांभाळायची. तिने एकदा ते पाहिलं.

"बाईसाब, त्यो टाक गळ्यातून काडू नगा."

"अगं, रंग लागतो त्याला."

"लागू द्या की. बाग तिची हाय. तिच्याच फुलाकडं बगायचं आन् तिलाच बाजूला टांगायचं... हे बरं न्हाई."

कौशल्याबाई हसली. "मी फूल खुडते कुठे? नुसतं काढते."

"मंग काडल्यालं फूल तिला दावलं का?"

खुडलेलं प्रत्येक फूल तिने टाकाला दिलं होतं. रंगवलेलं एकही दिलं नव्हतं. ते द्यायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार?

शेवंतीचे दिवस होते. तिने एक टपोरी पिवळी शेवंती काढली. मनासारखी उतरली. पोरीला जेवायला घालायला ती आत गेली. घास भरवताना तिला आवाज आला...

टच.

देठ खुडल्याचा आवाज. बागेत वावरणाऱ्या बाईला तो लगेच कळतो.

थोड्या वेळाने पुन्हा...

टच.

"कोण आहे गं तिकडे?" ती बाहेर आली.

कुणी नव्हतं. ताटव्यातली सगळी फुलं जागच्या जागी होती. एकही देठ मोडलेला नव्हता. तिने वळून तिवईकडे बघितलं.

चित्रात पानं होती. देठ होता.

फूल नव्हतं.

पुसलेलं नव्हतं. ओला रंग पुसला तर फासला जातो, डाग राहतो. इथे नुसतं कोरं पांढरं कापड होतं. आणि चित्रातला देठ वरून... मोडलेला होता. तिने तो तसा काढलेला नव्हता.

वारा नव्हता. तरी फांदीला अडकवलेला टाक हलत होता. तिने तो हातात घेतला आणि तिची बोटं पिवळी झाली.

"वानरानं पुसलं आसंल," त्रिंबकराव म्हणाले. "वानराला बी कळतंय तुजं चित्र चांगलं हाय म्हनून." आणि स्वतःच हसले.

दुसऱ्या दिवशी तिने फूल पुन्हा काढलं. पुन्हा गेलं. मग जास्वंद काढली. तीही गेली. कुणी म्हणेल, सोडून द्यायचं रंगवणं. पण ज्याला जे सुटत नाही ते सुटत नाही. शेवटी ती बायनाबाईलाच शरण गेली.

"तिचा वाटा द्या बाईसाब. काडलं की आदी तिला दावा. मंग बगा."

चित्र झालं की ती टाक पाटावर ठेवू लागली. टाकाला हळदकुंकू, समोर चित्र, हात जोडायचे. आधी तुझं, मग माझं.

आवाज थांबला. फुलं चित्रात राहायला लागली.

थंडीचे दिवस सुखात जात होते. भाजीत मीठ टाकावं तसं ते तिच्या हाताला बसून गेलं. चित्र झालं की पाट, हळदकुंकू, आधी तुझं, मग माझं. विचारही करावा लागत नसे.

आणि मग एक दिवस त्रिंबकराव म्हणाले, "आसं कर, पोरीची एक तसबीर काड. फुलांत बसवून."

शिवकन्या तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिला शेवंतीच्या ताटव्यात बसवलं. ती कसली बसतेय! घटकेत उठायची, फुलपाखरामागे पळायची, परत येऊन विचारायची, "माय, माजं नाक काडलं का?"

"बस गं बाई नीट, नाहीतर तुला शेपूट काढीन."

किती दुपारी गेल्या. चेहरा शेवटी केला. त्यात तिने जीव ओतला. पोर हसते तेव्हा तिच्या एका गालाला खळी पडायची, ती खळीसुद्धा उतरली. चित्र पुरं झालं तेव्हा कौशल्याबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने पाट मांडला. टाक ठेवला. हळदकुंकू वाहिलं. चित्र समोर टेकवलं. हात जोडले.

"आधी तुझं, मग..."

जीभ तिथेच अडली. आपण काय समोर ठेवलंय, ते तिला तेव्हा दिसलं.

आणि बागेतून आवाज आला...

टच.

पायरीवर खेळणाऱ्या शिवकन्येने मानेला हात लावला.

"माय, मान दुकती."

रात्रीपर्यंत पोर तापाने फणफणली. सिरसाळ्याहून हकीम आले. नाडी बघितली. मानमोडी परत आली का, असं त्रिंबकरावांनी विचारलं, तर नुसती मान हलवली. हो की नाही, तेही कळलं नाही.

दुसऱ्या दुपारी कौशल्याबाईने भीत भीत चित्रावरचं फडकं काढलं.

फुलं सगळी होती. पोरीचे पाय नव्हते.

आतून शिवकन्येचा आवाज आला, "माय, पायाला लई थंडी वाजती."

त्याच्या पुढच्या दुपारी परकर गेला. मग हात गेले. कोरं कापड खालून वर चढत होतं. तिने टाकापुढे नाक घासलं, उपास धरले. बायनाबाई दारात डोकं धरून बसली होती.

"आवं, दिल्यालं परत कसं मागावं..."

शेवटी चित्रात नुसता चेहरा राहिला. खळी पडलेला. खाटेवर पोर डोळे उघडत नव्हती.

कौशल्याबाईने टाक गळ्यात घातला. चित्र उचलून बागेत नेलं. कडुनिंबाखाली, रोजच्या जागी ठेवलं. भर दुपार होती. तिने रंग कालवायची सुरी हातात घेतली आणि समोर कुणी उभं असावं तशी बोलली.

"अक्का, चूक माझी. बाग तुमची. फुलं तुमची. नवरासुद्धा आधी तुमचाच. पण पोर मी दिलेली नाही. तोंडातून गेलं असेल, मनातून नाही. हवा तर हा हात घ्या. आजपासून एक पाकळी काढणार नाही. पण पोर माझी आहे. तुम्ही मेलात, मी जिवंत आहे, तिला मीच लागते."

आणि तिने सुरीने चेहरा खरवडून काढला.

रंग अजून ओला होता म्हणून निघाला. आत्या हे सांगताना दरवेळी थांबायची. तेलाचा रंग सावकाश वाळतो म्हणून मी वाचले, म्हणायची.

खळी गेली. डोळे गेले. सुरीवर सगळा लगदा आला.

मग आवाज आला... अगदी जवळून. तिच्याच मनगटातून.

टच.

दुखलं काहीच नाही. सुरी मात्र हातातून पडली.

संध्याकाळी शिवकन्येने दूध मागितलं.

चित्रात हात-पाय, परकर, सगळं परत आलं होतं. चेहऱ्याच्या जागी फक्त खरवडलेला डाग होता.

कौशल्याबाईचा तो हात भाकरी थापायचा, घागर उचलायचा. पण सुई, काडी, कुंचला, असलं बारीक काही त्यात राहायचं नाही. गळून पडायचं. नळ्यांतले रंग पेटीत दगड झाले. पुढे तिला मुलगा झाला, म्हणजे माझे आजोबा. घर भरलं. तरी दुपारी ती निंबाखाली जाऊन बसायची, रिकाम्या हातांनी, शेवंतीकडे बघत. आत्या हे सांगायची आणि रडायची. आपल्यापायी मायचा हात गेला, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

आत्या भरपूर जगली. नातवंडं पाहिली. शेवटची वर्षं आमच्याकडे बीडला होती. चेहरा खरवडलेलं ते चित्र ती घेऊनच आली होती. एका दुपारी जेवून झोपली, ती उठली नाही. सगळे म्हणाले, सोनं झालं.

तिसऱ्या दिवशी मी तिची खोली आवरायला गेले. चित्रावरचं फडकं काढलं...

शेवंतीचा ताटवा होता तसा होता. मधली पोर नव्हती. बसलेल्या लहान मुलीच्या आकाराचं कोरं कापड होतं. खरवडलेला डागसुद्धा नव्हता.

टाक आमच्या देव्हाऱ्यात असतो. मी धावत जाऊन तो उचलला. बोटांना रंग लागला. ओला. जवसाच्या तेलाचा वास येत होता.

मी मनाची समजूत घातली. मनकर्णेला तिची लेक मिळाली, हिशेब संपला. बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

आता माझी मुलगी आठ वर्षांची आहे. यातलं तिला मी काहीच सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात शाळेतून आल्यावर तिने एक कागद दाखवला. हिरवी पानं, हिरवा देठ. वर काही नाही.

"फूल राहिलं का गं काढायचं?" मी विचारलं.

"काढलं होतं की, आई," ती म्हणाली. "पिवळं."

आणि तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली.