कोपऱ्यातला वाफा

हे ज्यांना खोटं वाटेल, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

माझी मावशीही घालत नाही. ती फक्त विषय बदलते. आणि ही बाई एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे.

घटना सहा वर्षांपूर्वीची. वार सोमवार. वेळ दुपारी पावणेदोन. रात्र नव्हती, वीजही गेली नव्हती. लख्ख ऊन होतं.

मावशी तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात टायपिंग करून रिटायर झाली. मग तिने आणि काकांनी वस्तीच्या टोकाला एक बैठं घर भाड्याने घेतलं. घरामागे भाजीची बाग होती. म्हणजे कधीकाळी होती. आता कमरेएवढं गवत, एक गंजलेली झारी आणि विटांच्या कडा लावलेले चार वाफे, एवढंच उरलं होतं. चौथा वाफा पार टोकाला, कुंपणाच्या कोपऱ्यात होता.

मावशीने उभ्या जन्मात कुंडीतलं रोपसुद्धा जगवलं नव्हतं. पण एकदा तिने पदर खोचला की खोचला. पंधरा दिवस ती गवत उपटत होती. हाताला फोड आले. काका व्हरांड्यात खुर्ची टाकून सल्ले द्यायचे.

"अगं, उपटण्याआधी नाव-गाव तरी विचार. त्यातली एखादी भाजी असायची."

"तुम्ही आधी खुर्चीतून उठा. पायांना मुळं फुटतील."

वाफे मोकळे झाले आणि मावशीने टोमॅटोचं बी पेरलं. पेरलं कसलं, मुठीने उधळलं. ते सगळंच्या सगळं उगवलं. बोट घालायला जागा नाही इतकी दाट रोपं.

शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून बघत होत्या. "विरळणी करा हो. अशक्त रोपं उपटा, चांगली ठेवा. नाहीतर एकही धड वाढायचं नाही."

मावशीचा हात धजेना. इतक्या हौसेने उगवलेलं उपटायचं कसं? तिने ते काम उद्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन मागे गेली...

विरळणी झालेली होती.

प्रत्येक दोन रोपांत बरोबर हातभर अंतर. आणि पायरीवर एक ओलं गोणपाट अंथरलेलं. त्यावर उपटलेली रोपं ओळीने निजवलेली होती. शेंडे भिंतीकडे, मुळं बागेकडे.

"अहो, तुम्ही केलंत?" तिने काकांना विचारलं.

काकांनी पेपरमधून मान वर काढली. "मला वेड लागलंय का?"

शिंपीणबाईंना विचारलं, तर त्यांनी सुजलेला गुडघाच दाखवला. खाली बसताच येत नव्हतं बिचारीला.

दोन दिवसांनी गोणपाट रिकामं झालं. कोपऱ्यातल्या वाफ्यात ती सगळी रोपं लावलेली होती. प्रत्येकाला एका काडीचा आधार. प्रत्येक काडीला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधलेली. माती ओलीगच्च होती.

त्या ओल्या मातीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मावशीने हे कुंपणापाशी जाऊन सांगितलं, तशा शिंपीणबाई कुंपणाला रेलल्या.

"पांढऱ्या चिंध्या?"

"हो. का?"

"आधीच्या बाई तशाच बांधायच्या. एकट्याच राहायच्या इथे. अशक्त रोप टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणायच्या, गर्दीत मरेल, वेगळं लावलं की जगेल." शिंपीणबाईंनी आवाज खाली आणला. "गेल्या त्याही तिथेच. त्या कोपऱ्यात. झारी हातातच होती म्हणे."

आता इथे कुणीही शहाणा माणूस सामान बांधेल. मावशीला भीती वाटली, नाही असं नाही. पण टोमॅटो असे काही वाढले की भीती मागे पडली. गंमत म्हणजे, कोपऱ्यातली मरतुकडी रोपंच सगळ्यांत उंच झाली.

हळूहळू सवय झाली. सकाळी भांडी घासताना मागून खुरप्याचा आवाज यायचा. खर्र... खर्र... मावशी खिडकीशी गेली, की बंद.

"उंदीर असेल," काका म्हणायचे.

"उंदराला खुरपं कुणी दिलं?"

आणि मग ती बोलायलाच लागली. आधी चेष्टेत, नंतर मनापासून. बागेत उभी राहून म्हणायची, "बाई, आज जरा मिरच्यांचं बघा हं." दुसऱ्या दिवशी मिरच्या विरळ झालेल्या असायच्या. जे काम ती बोलून दाखवायची, ते व्हायचं.

त्यानंतर माझी मावसबहीण, म्हणजे ताई, बाळंतपणानंतर महिनाभर राहायला आली. जुळ्या मुली, दोन महिन्यांच्या. एक चांगली गुटगुटीत, तिला सगळे मोठी म्हणायचे. दुसरी चिमणी. चिमणीचं वजन वाढतच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. ताई तिच्याकडे बघत बसायची आणि जेवण तसंच राहायचं. मावशीचा जीव तुटायचा.

त्या सोमवारी सकाळी मावशी बागेत दुपटी वाळत घालत होती. विचार चिमणीचेच. त्या नादात ती स्वतःशीच, पण मोठ्याने म्हणाली,

"एका पाळण्यात दोघी मावत नाहीत. मोठी सगळी जागा घेते. चिमणीला वेगळं करायला हवं."

मागे खुरपं चालू होतं.

ते थांबलं.

मावशीने तेव्हा लक्ष दिलं नाही. याचंच तिला आजवर वाईट वाटतं.

दुपारी जेवणं झाली. ताईचा डोळा लागला. काका घोरत होते. मावशी स्वयंपाकघरात ओटा पुसत होती.

पाळण्यातून रडणं ऐकू आलं.

मावशी हात पुसायला लागली. एक रडली की दुसरी रडायचीच, हा त्या घरातला नियम होता. एक सूर मोठा, एक बारीक.

पण आज... एकच सूर होता. मोठीचा.

मावशी धावली. पाळण्यात मोठी हातपाय झाडत होती. शेजारी चिमणीच्या आकाराची जागा होती, अजून उबदार.

मागचं दार सताड उघडं होतं.

बाहेरून झारीचं पाणी मातीवर पडत असल्याचा आवाज आला. बारीक, संथ...

मावशी अनवाणी पळाली. कोपऱ्यातल्या वाफ्यात एक नवा खड्डा होता. वीतभर रुंद, पाण्याने भिजलेला. शेजारी एक काडी रोवलेली. काडीला पांढरी चिंधी, आणि चिंधीवर बारीक निळी फुलं.

ते चिमणीच्या झबल्याचं कापड होतं.

खड्ड्याच्या कडेला ओल्या गोणपाटावर चिमणी निजली होती. डोकं घराच्या भिंतीकडे, पाय खड्ड्याकडे. ती रडत नव्हती. टक लावून वर बघत होती, कुणीतरी तिच्यावर वाकलेलं असावं तशी तिची नजर एका जागी खिळलेली.

मावशीने तिला उचलून छातीशी धरलं. मागे वळूनही बघितलं नाही. संध्याकाळच्या आत सगळे ते घर सोडून निघाले. ताईला वाटलं, कुणी चोर शिरला होता. तो समज मावशीने तसाच राहू दिला. आपण सकाळी काय बोललो, ते तिने लेकीला कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही मागच्या महिन्यात.

त्याच आठवड्यापासून चिमणीचं वजन वाढायला लागलं. दवाखान्यात ठेवावं लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी होतं असं.

आता मावशी अकराव्या मजल्यावर राहते. घरात एक कुंडी नाही. दर वाढदिवसाला दोघी नातींना दाराशी उभं करून ती पेन्सिलीने उंचीच्या खुणा करते. यंदा चिमणी मोठीपेक्षा चांगली चार बोटं उंच भरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मावशी तेवढी त्या खुणेकडे बघत राहिली. नंतर मला बाजूला घेऊन तिने विचारलं.

"त्या दिवशी तिला उचललं ना, तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत ओल्या मातीने भरलेले होते. मग मी तिला लावायच्या आधी उचललं... की लावून झाल्यावर?"

आत चिमणी हसत होती.