घोंगड्यावरचं मशीन

दुसऱ्या दिवशी पिंकीची हळद, म्हणून आम्ही सगळे विंझरला माझ्या भावाच्या घरी जमलो होतो. हॉलमध्ये गाद्या रांगेनं घातल्या, आणि मी पिशवीतून माझं मशीन काढलं. मला झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे. नाकाला मास्क लावायचा, नळीतून हवा येते, मग माणूस सकाळी उठतो. घरचं मशीन मोठं आहे. हे प्रवासाचं, लोणच्याच्या बरणीएवढं. अंगानं छोटं, आवाजानं मोठं. म्हणजे बरोबर माझ्या उलट.

बटण दाबलं. घुंऽऽऽ...

"आत्या," पिंकी उठून बसली, "उद्या माझी हळद आहे गं. झोप नाही झाली तर फोटोत डोळ्यांखाली काळं येईल."

"मग हळद कशाला असते?" मी म्हटलं.

"आत्या, तू गॅलरीत झोप की," तिचा भाऊ ज्ञानू म्हणाला. "तिथं हवा फुकट आहे. मशीनच नको."

सगळे हसले. मीही हसले. अशा वेळी मी सगळ्यांच्या आधी हसून घेते, म्हणजे बाकीच्यांना अवघडल्यासारखं होत नाही. गॅलरीत प्लग नाही हे मला माहीत होतं. तरी उशी काखेत मारली, नळी गळ्यात घातली आणि शंकरासारखी निघाले.

"नूतन, खाली ठेव ती उशी."

नाना. माझे चुलते, सर्जेराव, याच घरात राहतात. भोरच्या एसटी डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखायचे. स्वतःचा आवाज मात्र कधी चढवत नाहीत. आज चढला होता.

"लाईट घालवा. बसा समदी हितं. पासलीच्या हनुमंताला काय झालं ते सांगतो. ऐका, आन मग आत्याला कुठं निजवायचं ते ठरवा."

लाईट गेली. नाना भिंतीला टेकून बसले.

"गेल्या डिसेंबरची सोळा तारीख. मंगळवार. अमुशा-बिमुशा काय नव्हती, आदीच सांगतो. हनुमंत, माज्या वळखीचा टेम्पोवाला, आता भोरात ऱ्हातो. त्यो टेम्पो घिऊन निघाला. पासलीला थोरला भाऊ मानसिंग ऱ्हातो, त्येच्याकडनं भाताची पोती आनायची, एवढंच काम. वाटंत हितं चहाला थांबला. त्येच्याकडं बी आसंच मशीन. गाडी चालवताना डुलक्या लागायच्या, म्हनून डॉक्टरनं दिल्यालं.

"मला म्हनला, नाना, ह्येचा आवाज कमी करून द्या. मागल्या बारीला वहिनी म्हनली, पिठाची गिरन घिऊन आलाय व्हय निजायला? आन मला पडवीत घातलं. तितं पलग न्हाई. रातभर बसून काढली नाना, श्वासच गावंना. आज परत तसं झालं तर..."

"मग तुम्ही काय केलं?" ज्ञानूनं विचारलं.

"कान लावला. मोटर बारीक व्हती, गोड. इचारलं, ठिवतोस कशावर? म्हनला, पत्र्याच्या पेटीवर. म्हनलं, गाढवा, पेटी वाजती ढोलागत, आन बोल मशीनला? खाली जमिनीवर ठेव. नळी पुरंल तेवढं डोक्यापासनं लांब. आन बुडाखाली घोंगडं घाल, चार घड्या करून. वरनं मातूर झाकू नगंस. त्येला हवा वढायला जागा लागती." नाना थांबले. "म्या सांगितलं त्येला घोंगडं. म्याच."

"त्यात काय एवढं?"

"सांगतो. आदी बाप सांगतो, मग घोंगडं.

"ह्या दोगांचा बाप कोंडिबा. त्यो बी घोरायचा. घोरता घोरता मदीच गप. मग बुडता मानूस वर येतो तशी धाप टाकायचा. आदी समदी हसली. मग चिडली. म्हाताऱ्याला पडवीत घातला. कुनी? मानसिंगनं. आन हनुमंतानं बी, दोगांनी मिळून. माघाचा म्हैना. पासलीची थंडी. अंगावर एक काळं घोंगडं. चार वर्सामागं एका रातीला त्येचं घोरनं मदीच गप झालं... आन फिरून सुरू झालंच न्हाई."

मी नळी गळ्यातून काढून मांडीवर घेतली.

"कुनी उठलं का? न्हाई. का उठंल? सकाळी मानसिंग आळस देत बाहेर आला. म्हनला, आज काय गार झोप लागली. मग बापाला च्याची हाक मारली."

"अगं आई," पिंकी पुटपुटली.

"मेल्याचं अंथरून-पांघरून घरात ठिवत न्हाईत. वड्याला नेऊन टाकायचं. मानसिंगच्या बायकूनं, फुलाबाईनं, घोंगडं ठिवून घेतलं. चांगलं जाड हाय म्हनली. सुतळीनं बांदून माळ्यावर टाकलं. हनुमंताला पत्ता न्हाई.

"आन त्या मंगळवारी ह्यो गेला पासलीला. वहिनी भाकरी थापीत व्हती. म्हनला, एखादं घोंगडं हाय का? तिनं मागं बी बगितलं न्हाई. म्हनली, माळ्यावर बगा काय गावतंय ते. त्येनं अंदारात हाताला लागलं ते वढलं. चार घड्या घातल्या. वर मशीन ठिवलं. म्या सांगितलं अगदी तसं.

"साडेधाला निजला. मशीनचा आवाज न्हाई म्हंजी न्हाईच. आतनं फुलाबाईनं इचारलं, भावजी, आज लावलं न्हाई व्हय? गडी खूश झाला. घरात निजायला मिळालं नव्हं."

इथं नानांचा आवाज खाली गेला. आम्ही सगळे पुढं सरकलो. मी उशी पोटाशी धरली होती. वयाची पंचेचाळीस वर्षं, आणि उशी पोटाशी.

"दोन वाजून पाच मिन्टं. जाग आली.

"मशीनचा दिवा चालू. हवा येतीया. पन हवेला वास. बिडीचा.

"मशीन हवा खालनंच वढत व्हतं... घोंगड्यापास्नं.

"त्येनं हात खाली सोडला. घोंगडं चाचपलं. बोट भोकात गेलं."

"कसलं भोक?" ज्ञानूचा आवाज बारीक झाला होता.

"बिडीनं पडल्यालं. त्या भोकापायी हनुमंतानंच बापाला शिव्या घातल्या व्हत्या. घर जाळशील म्हनून. घोंगडं वळखलं त्येनं.

"आन तवाच पडवीतनं... घोरनं."

"कुणाचं?" पिंकीनं विचारलं.

"बापाचं. वर चढलं. चढत गेलं... आन मदीच गप."

नानाही गप्प झाले. पिंकीनं अंधारात माझं मनगट धरलं.

"हनुमंत वाट बगतोय. आता सुरू हुईल. आता...

"न्हाई.

"मग नळी वढली गेली. खालनं. एकदाच. हळू. ल्हान पोर आईचा पदर वढतं ना... तशी.

"त्येनं मास्क काढला. घोंगड्यावर ठिवला. मागल्या दारानं भाईर पडला, टेम्पोत बसला.

"तीन वाजून पाच मिन्टांनी ह्या दारावर थाप पडली. ह्याच. दार उघडलं तर हनुमंत. थंडीत नुसत्या बनेनवर. गालावर मास्कच्या पट्ट्यांचं वळ. उजाडंपतूर ह्या सोफ्यावर बसला. बोलला काय? एवढंच. नाना, आमी बापाला भाईर घातला व्हता."

मला वाटलं, गोष्ट संपली. पण नाना सावरून बसले आणि आवाज पुन्हा चढला.

"दिस उगवल्यावर आमी दोगं गेलो पासलीला. हनुमंत टेम्पोतनं उतरंना. मानसिंग पडवीत बसून दात घाशीत व्हता. भाऊ रातीत उठून गेला, टेम्पो गेला. एक इचारनं न्हाई. मला बगून म्हनला, या नाना. लई दिसांनी गार झोप लागली बगा.

"पोरांनो, भुताची भीती मला वाटली न्हाई. मला राग आला. म्या त्येच्या हातातली राखुंडी उडवली. म्हनलं, मानसिंगा, तुज्या घरात मानूस गप झाला का तुला झोप लागती! त्यो नुसता बगत बसला. त्येला कळलंच न्हाई म्या काय म्हनतोय. त्येचा तर अजून राग येतो. मशीन उचललं, घोंगडं म्या सोता वड्याला नेलं."

नानांना धाप लागली होती. मग अंधारातच त्यांनी विचारलं, "आता सांगा. नूतनला गॅलरीत जा म्हनलं त्ये कोन?"

कोणीच नव्हतं. ज्ञानू फरशी मोजत असावा. पिंकी उठली. माझ्या हातातून उशी घेतली आणि तिच्या शेजारी, प्लगजवळ टाकली.

"आत्या, मशीन लाव."

"अगं, तुझ्या डोळ्यांखाली काळं..."

"येऊ दे काळं. लाव गं तू. मला आवाज आला पाहिजे."

इतक्या वर्षांत कुणी माझा आवाज ऐकायचा हट्ट धरल्याचं मला आठवत नाही. डोळ्यांत पाणी आलं. लाईट नव्हती ते बरं झालं.

ज्ञानूला मात्र आता धीर आला होता. "नाना, पण त्याला स्वप्न पडलं असेल. खरं कशावरून?"

नानांनी मोबाईल काढला. एक फोटो शोधून माझ्या हातात दिला.

"हनुमंतानं धाडल्याला. मशीनचं रातीचं समदं मोबाईलमदी दिसतं म्हनं. मला न्हाई कळत. नूतन, तू वाच."

मला कळतं. मी रोज सकाळी चहाच्या आधी तेच बघते, आदल्या रात्री किती वेळा अडकले ते. वर तारीख होती, सोळा डिसेंबर. पहिली ओळ, दहा पस्तीस ते दोन अकरा. श्वास चौदा वेळा अडकलेला. तो हनुमंत.

खाली दुसरी ओळ होती. दोन एकोणीस ते पाच चाळीस. श्वास अडकलेला, शून्य वेळा. माझं कधी शून्य आलेलं नाही.

"तेव्हा तर तो टेम्पोत होता," पिंकी म्हणाली. "नंतर इथं."

"मशीन चालू राहिलं असेल," ज्ञानू म्हणाला. "मास्क खाली पडलेला, हवा सुटत बसली असेल."

"असेल," मी म्हटलं. झोपेत माझाही मास्क पुष्कळदा खाली पडतो. सगळी हवा बाहेर वाया जाते, आणि सकाळी गळतीसमोर लाल ठिपका दिसतो. दर वेळी लाल.

पिंकीनं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

"आत्या, इथं तर हिरवा आहे. हिरवा म्हणजे काय?"

मी मोबाईल गादीवर पालथा ठेवला.

"हिरवा म्हणजे... मास्क कुणाच्या तरी नाकावर नीट बसलेला होता."