दुसऱ्या ओळीनंतरची बासरी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी फक्त संगीत रचते, गोष्टी नाही. हे खरंच घडलंय.

गेल्या महिन्यातला गुरुवार. शाळा सुटलेली. वरच्या मजल्यावरचा हॉल, बाहेर लख्ख ऊन.

आमच्या शाळेची एक फार जुनी प्रार्थना आहे. ती मी पहिल्यांदाच अख्ख्या वाद्यवृंदासाठी बसवली होती. व्हायोलिन, चेलो, बासरी, सगळं! क्लासबिस काही नाही, मोबाईलवर बघून बघून शिकले. शनिवारी सगळ्या शाळेसमोर कार्यक्रम. मी नुसती हवेत!

या प्रार्थनेत दुसऱ्या ओळीनंतर सगळे थोडा वेळ गप्प राहतात. का, ते कुणालाच माहीत नाही. मला ती जागा भकास वाटली. तिथे मी बासरी घातली.

वाजवणार होती माझी मावसबहीण, टिकली. मावशी आणि ती आमच्याकडेच राहतात. एवढीशी पोर, पण दम असला की विचारू नका.

संगीताच्या बाई कागद बघून थबकल्या. "इथे काही भरत नाहीत गं."

"का पण, बाई?"

"आमच्या बाईंनीही कधी भरलं नाही."

"मग आपण भरू की!"

बाई हसल्या. नुसत्या ओठांनी.

तालीम सुरू झाली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. टिकलीने बासरी ओठांना लावली...

आवाजच नाही.

गाल फुगलेले, बोटं बरोबर पडतायत, आणि... काहीच नाही.

"झोपलीस का गं टिकले?" चेलोवाला ओरडला. सगळे खिदळले.

पुन्हा सुरुवातीपासून. बाकी सगळीकडे बासरी छान वाजली. ती जागा आली... आणि गप्प.

या वेळी मी अगदी जवळ उभी होते. म्हणून ऐकू आलं.

श्वास.

आत ओढलेला. लांबच लांब...

बासरीच्या दुसऱ्या टोकातून.

टिकलीचे ओठ निळे पडायला लागले. मी बासरी खेचली. सुटेना! जीव खाऊन हिसकली, तशी ती मटकन खाली बसली.

"ताई, मी फुंकतच नव्हते गं. कुणीतरी पलीकडून ओढत होतं..."

आता कुणीच हसलं नाही.

मी त्या जागेवरची बासरी रचनेतून काढून टाकली. शनिवारी त्या जागी सगळे गप्प राहिले. टाळ्यांचा नुसता कडकडाट! पण माझं लक्ष टिकलीकडे होतं. त्या शांततेत तिची छाती हलतच नव्हती.

आता रोज दुपारी ती झोपली की मध्येच तिचा श्वास थांबतो. डॉक्टर म्हणतात, पोरगी ठणठणीत आहे.

मी तिच्या कानाशी तिसरी ओळ गुणगुणते. मग श्वास परत येतो.

काल ओळ संपली... तरी आला नाही. मी पुन्हा म्हटली, रडत रडत. तेव्हा कुठे आला.

पुढच्या आठवड्यात मावशी तिला घेऊन नव्या घरी जातेय. मी मावशीला तिसरी ओळ शिकवतेय.

तिला सूरच लागत नाहीये...