उखर्डूच्या ओळीतली रिकामी चौकट

प्रमिलाबाईंना संगणकाची भीती कधीच वाटली नाही, राग मात्र यायचा. तीस वर्षं ज्या ग्रंथालयात त्यांनी पुस्तकांच्या पाठीवर हाताने आकडे घातले, तिथलं सगळं आता ऑनलाइन करा असं वरून आलं, तेव्हा दोन दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जळगावच्या प्रशिक्षणाच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच होतं. आधी चिडायचं आणि मग सगळ्यांच्या अगोदर शिकून मोकळं व्हायचं, हा त्यांचा स्वभाव.

पाच दिवसांनी परतल्या त्या दोनशे पानी वही भरून. लिंक कशी पाठवायची, एकाच तक्त्यात चार जणांनी एका वेळी कसं लिहायचं, फोनशी बोलून मराठी कसं टाइप करून घ्यायचं, सगळं आकडे घालून लिहिलेलं. पासवर्डसुद्धा त्याच वहीत, लाल शाईने.

यावलच्या त्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. नऊ कपाटं, दोन बाकं, उत्तरेच्या खिडकीतून केळीच्या बागांवर दिसणारा सातपुडा, आणि उखर्डूभाऊ. उखर्डू तोताराम हा तिथला शिपाई. याच शाळेत सातवीपर्यंत शिकला, इथेच नोकरीला लागला, आणि येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होता. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे प्रमिलाबाईंना वही काढून बघावं लागे. त्याला लागत नसे.

डिसेंबरात दोघांनी कामाला हात घातला. शाळेच्या नव्या वेबसाइटवर ग्रंथालयाचं पान होणार होतं आणि त्यात १९७४ पासूनच्या सगळ्या वाचकांची यादी हवी होती. उखर्डू जुनी वाचक नोंदवही उघडून एकेक नाव मोठ्याने वाचायचा, फोन ऐकून ते तक्त्यात टाकायचा, आणि फोनने केलेला घोळ प्रमिलाबाई निस्तरायच्या. साकळी गावाचं फोन दर वेळी साखळी करायचा. चाळीस दिवसांत दोन हजार तीनशे सोळा नावं झाली. त्यात पाचशे बारावं नाव उखर्डूचंच होतं. ते वाचताना तो जरा लाजला.

मग प्रमिलाबाईंनी तक्ता सगळ्यांसाठी खुला केला. नुसता बघायला खुला करायचा असतो, त्यांनी लिहायलाही खुला केला. ग्रंथालयाच्या दारावर मुक्तद्वार अशी पाटी त्यांनीच लावलेली. कोणी माजी विद्यार्थ्याने येऊन स्वतःची चूक दुरुस्त केली तर बिघडलं काय, असा त्यांचा हिशेब.

तिसऱ्या दिवशी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानसं हिरवं वर्तुळ उगवलं. त्यावर बोट नेलं की 'अनामिक' असा शब्द दिसायचा. कुंदन सर संगणक शिकवायचे. त्यांनी सांगितलं की नाव न देता कोणी तक्ता उघडला तर असंच दिसतं. तो माणूस ज्या चौकटीत आहे, तिला हिरवी किनार येते.

प्रमिलाबाईंना मनापासून आनंद झाला. मुलं हल्ली ग्रंथालयात यायची ती पंख्याखाली डबा खायला. किती तरी वर्षांनी कोणी तरी त्यांच्या कामात डोकं घालून बसलं होतं, आणि तेही सबंध दिवस. हिरवी किनार एका नावावर काही क्षण थांबायची, मग खालच्या नावावर यायची. ओळीवर बोट ठेवून वाचणारं माणूस असतं, तसं. एक नाव सुटायचं नाही. सकाळी शाळेत आलं की आधी तक्ता उघडायचा आणि वाचक कुठवर पोचला ते बघायचं, अशी त्यांना सवयच जडली. दोनशे दहा, तीनशे पंचवीस. एकदा त्यांनी बाजूच्या चौकटीत 'आपले स्वागत आहे, आपण कोणत्या तुकडीचे?' असं लिहूनही पाहिलं. उत्तर आलं नाही. किनार फक्त थोडा वेळ थांबली आणि खाली सरकली.

पाचशे बाराव्या ओळीवर ती आली आणि तिथेच राहिली.

एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा झाला. कोणी लिंक उघडी ठेवून विसरलं असेल, असं कुंदन सर म्हणाले. त्या सोमवारी प्रमिलाबाईंनी तक्ता उघडला तर त्याला शेवटी एक नवा रकाना जोडलेला होता. वर मथळा होता, 'खरे नाव'. खाली प्रत्येक ओळीत त्या त्या माणसाचं तेच नाव पुन्हा लिहिलेलं. कोकिळापुढे कोकिळा, हिलालपुढे हिलाल. दोन हजार तीनशे पंधरा चौकटी भरलेल्या होत्या. उखर्डूच्या ओळीतली तेवढी रिकामी होती, आणि हिरवी किनार तिच्याभोवती होती.

प्रमिलाबाईंनी उखर्डूला बोलावून दाखवलं. त्याने चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"हे कोन विचारू राह्यलं मॅडम?"

मुलं खोड्या काढत असतील, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, की उखर्डू हे काय खरं नाव नाही का?

"माह्या आधी चार झाले मायले," तो म्हणाला. "एकबी महिनाभर टिकलं नही. मी झालो, तं बाराव्या दिवशी तिनं माह्या कानात नाव सांगितलं अन् लगेच मले उकिरड्यावर नेऊन ठेवलं. नाव सांगितलं तवा शेजारची ताईबाई आक्का तेवढी जवळ व्हती, तिनंच मले उचललं. मंग मायनं सूपभर ज्वारी देऊन मले तिच्याकडून इकत घेतलं. उकिरड्यावर सापडलेलं पोर. त्याले कोन नेईन?"

"आणि कानात सांगितलेलं नाव?"

"मलेबी माहीत नही. मायनं जलमभर पुन्हा घेतलं नही ते. मले सांगितलं असतं तं मी कुठी तरी बोलून गेलो असतो." तो हसला, पण हसू फार वेळ टिकलं नाही. "तेवढं रिकामंच राहू द्या मॅडम."

प्रमिलाबाईंनी त्याच्यासमोर तो रकाना पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागेवर होता, दोन हजार तीनशे पंधरा नावांसकट. कुंदन सरांनी लिंक बंद केली, परवानग्या काढल्या, आता फक्त मॅडमच आत जाऊ शकतात असं छातीठोकपणे सांगितलं. हिरवं वर्तुळ कोपऱ्यात तसंच होतं. कधी कधी अडकतं असं, सर म्हणाले, आणि तासाला गेले.

खरं म्हणजे इथे थांबायला हवं होतं, आणि हे प्रमिलाबाईंना नंतर नाही, तेव्हाच कळत होतं. पण तीस वर्षं नोंदवह्या लिहिलेल्या बाईला रिकामा रकाना बघवत नाही. ते नाव काय असेल, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. रोज भुसावळला घरी जाताना एसटीत खिडकीशी बसून त्या उखर्डूच्या वयाच्या माणसांची नावं मनात लावून बघायच्या. लिहायचं नाही हे ठरलेलं होतं. फक्त जाणून घ्यायचं होतं.

ताईबाई आक्का अजून होत्या. नव्वदी ओलांडलेली, बसस्टँडमागच्या गल्लीत नातवाकडे राहायच्या. पूर्वी त्या शाळेत पाणी भरायच्या, त्यामुळे कारण आयतंच मिळालं. वेबसाइटवर शाळेच्या आठवणींचं पान होतं, त्यासाठी आक्कांशी बोलायला हवं. रविवारी मुद्दाम भुसावळहून येऊन प्रमिलाबाई त्यांच्या खाटेशी बसल्या, फोनवर आठवणींचं पान उघडलं, बोलून टाइप करायचं बटण दाबलं आणि फोन गोधडीवर ठेवला.

आक्का रांजणांबद्दल बोलल्या, विहिरीबद्दल बोलल्या, एका तापट हेडमास्तरांबद्दल तर फारच बोलल्या. उखर्डूचं निघालं तेव्हा त्यांनी मान हलवली. ते नाव घ्यायचं नसतं, एवढंच म्हणाल्या. प्रमिलाबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. चहा झाला. त्या उठून दारात चपला घालत होत्या तेव्हा आक्कांनी मागून बोलावलं.

"माह्यासंगं गेलं तं त्याच्या मायनं काय नाव ठेवलं, हे कोनालेच माहीत नसन," आक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "ऐकून घे, अन् पोटात ठेव."

आणि त्यांनी एकदाच, हळू आवाजात, ते नाव सांगितलं. साधं, दोन अक्षरी, गोड नाव होतं. पाळण्यापाशी म्हणावं असं. प्रमिलाबाईंच्या अंगावर काटा आला, आणि वाईट म्हणजे, बरंही वाटलं.

फोन गोधडीवरच राहिला होता. तो उचलून त्या बसस्टँडवर आल्या, भुसावळच्या गाडीत बसल्या, आणि मग त्यांनी पाहिलं. आठवणींचं पान कोरं होतं. रांजण नाही, विहीर नाही, हेडमास्तरही नाहीत. त्यांनी तक्ता उघडला. पाचशे बाराव्या ओळीत, शेवटच्या चौकटीत, ते नाव होतं. एकही अक्षर न चुकता.

सकाळी येताना त्यांनी तक्ता उघडला होता खरा. दोन पानं उघडी राहिली असतील, बोट चुकीच्या पानावर पडलं असेल. प्रशिक्षणात शिकवणाऱ्या मुलींनी बजावलं होतं की आधी कुठलं पान समोर आहे ते बघा. त्यांनी नाव पुसलं. रकाना पुसला. अख्खी ओळच पुसली.

मग त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. हिरवं वर्तुळ गेलेलं होतं.

संध्याकाळी त्यांनी उखर्डूला फोन केला. तो खिचडी खात होता. बायको कुंदाबाई मागे काही तरी म्हणत होती, टीव्ही चालू होता. काही नाही, सहजच केला, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. आपल्या हातून काय झालं ते सांगायचं धाडस त्यांना झालं नाही.

सोमवारी तो नेहमीच्या वेळी आला. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला, केसांना तेल लावलेलं. त्याने कपाटं पुसली, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावली. प्रमिलाबाई त्याच्यावरून नजर हलवत नव्हत्या. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती तेव्हा तो समोरच्या बाकावर येऊन बसला. कामावर असताना तो कधी बसत नसे.

"मॅडम, एक विचारू? एवढ्या पहाटे भुसावळहून कोनती गाडी भेटली तुमाले?"

"कसली गाडी?"

"साडेपाचले आल्या व्हत्या ना तुमी. माह्या घरच्या दारातून हाक मारली."

पहाटे साडेपाचला त्या भुसावळला आपल्या घरात झोपलेल्या होत्या, हे त्यांनी सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याला पटलेलं दिसत नव्हतं.

"आवाज तुमचाच व्हता," तो म्हणाला.

"कोणत्या नावाने हाक मारली?"

त्याने मान खाली घातली. चेहऱ्यावर लहान मुलाला शोभेलसं हसू होतं. "त्याच. कधी ऐकेल नव्हतं मी, तरी मले कळलं का हे माह्यंच. ओ निघून गेली तोंडातून."

"मग?"

"मंग तुमी म्हने, हातातलं काम आटपून घ्या, मधल्या सुट्टीत घ्यायले येते."

प्रमिलाबाई उठल्या. दार लावलं, आतून कडी घातली, आणि परत येऊन त्याचं मनगट धरलं. चूक माझी आहे उखर्डूभाऊ, त्या म्हणाल्या, मला माफ करा, इथून हलू नका, काहीही ऐकू आलं तरी उत्तर देऊ नका. त्यांना रडू आवरत नव्हतं. तो गोंधळून त्यांच्याकडे बघत होता.

घंटा झाली.

मुलांचा गलका जिन्यावरून खाली उतरला आणि पटांगणात लांब गेला.

मग व्हरांड्यात चपला वाजल्या. उजवा पाय किंचित जड पडत होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर प्रमिलाबाईंचा पडायचा, तसा.

चपला दारापाशी थांबल्या. कडी हलली नाही. कोणी दार वाजवलं नाही.

प्रमिलाबाईंनी मनगट आणखी घट्ट धरलं. ते ऊबदार होतं, नाडी संथ चालली होती.

उखर्डू उठून उभा राहिला. त्यांच्याकडे बघून नाही. दोन बाकांच्या मधे जी मोकळी जागा होती, तिकडे बघून.

"या मॅडम," तो म्हणाला.